एक इंजेक्शन देऊन विषय का संपत नाही

कोथरूडच्या एका गृहस्थांनी विचारलंय, दोन मुलींचे वडील आहेत, की "डॉक्टर, तुम्ही लोक जेलमध्ये जाऊन या नराधमांवर उपचार करता म्हणे, आमच्या टॅक्सच्या पैशातून. त्यापेक्षा एक इंजेक्शन द्या, कायमचं नपुंसक करून टाका, विषय संपला. यांचे कसले आलेत मानवी हक्क?" स्वारगेट बस स्टँडवरच्या बलात्काराच्या घटनेनंतर हा प्रश्न मला रिक्षावाल्यापासून सख्ख्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, त्यामुळे एकदा नीट बसून लिहितो, जरा लांबेल.

मी मनोविकारतज्ज्ञ, पुण्यात पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिस, त्यातली बरीच वर्षं महिन्यातून दोनदा जेलमध्ये जातोय. पण माझ्या ओपीडीत गुन्हेगारांपेक्षा ज्यांच्यावर गुन्हा झाला ते कितीतरी जास्त येतात. पस्तिशीची बाई, लग्नाला दहा वर्षं झाली, झोप लागत नाही म्हणून येते आणि सहाव्या भेटीत पहिल्यांदा मामाचं नाव घेते. त्यामुळे मला आरोपींचा पुळका आहे असं कोणी समजू नये.

तर आधी त्या इंजेक्शनचं. लोकांना वाटतं गावाकडे बैल खच्ची करतात तसं काहीतरी आहे, एकदा केलं की झालं. तसं नाहीये. ही औषधं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, खाली आणतात, बास. त्यातलं एक, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, तुम्हाला वेगळ्या नावाने माहिती असेल, सरकारी दवाखान्यात बायकांना तीन महिन्यांनी फुकट मिळणारं 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन म्हणजे तेच औषध, पुरुषांना यासाठी द्यायचं तर डोस खूपच मोठा लागतो. दुसरं सायप्रोटेरॉन, गोळ्यांमध्ये येतं. आणि तिसरं ल्युप्रोलाइड, जे आपण प्रोस्टेटच्या कॅन्सरला देतो, एकेक इंजेक्शन काही हजारांचं. बंद केलं की काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉन बहुतेकांचं परत जागेवर येतं, म्हणजे 'कायमचं' हा शब्द तिथेच गळला. शिवाय ल्युप्रोलाइडची गंमत अशी (गंमत कसली) की पहिले दोनतीन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून सुरुवातीला जोडीला दुसरी गोळी द्यावी लागते, आणि ज्याला हे माहिती नाही असा कोणी कोर्टाची ऑर्डर आहे म्हणून नुसतं टोचून मोकळा झाला तर तो नेमकं उलटं काम करून बसेल. पुढे मग हाडं ठिसूळ होतात, वजन वाढतं, साखर वर जाते, छाती वाढते, अंगातून गरम वाफा निघतात, डिप्रेशन येतं. दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं, हाडांचा डेक्सा स्कॅन करायचा. आणि ज्याला मनातून नकोच आहे त्याच्यासाठी उतारा जिममध्येच मिळतो, बॉडी बनवायला पोरं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतातच, दोनचार टोचली की तुमचं सगळं औषध पाण्यात. हे मी थिअरी म्हणून सांगत नाहीये, हे उपचार करणाऱ्या जगातल्या सगळ्या डॉक्टरांना माहिती असलेली गोष्ट आहे.

बरं हे औषध इच्छा कमी करतं, इच्छेची दिशा बदलत नाही. आणि राग तर अजिबातच कमी करत नाही. जेलमध्ये ज्या माणसांशी बोललोय त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत वासना अनावर झाली वगैरे असं काही नव्हतं हो. बायको सोडून गेली त्याचा सूड, पोरीने नाही म्हटलं त्याचा अपमान, चार मित्रांसमोर मर्दानगी, दारू, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपलं कोण काय वाकडं करणार ही खात्री. यातलं टेस्टोस्टेरॉन किती आणि बाकीचं किती? २०१३ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे बलात्काराच्या व्याख्येत बोटं, वस्तू सगळं येतं, ते काही उगाच घातलेलं नाही. इंजेक्शनने हात बांधले जात नाहीत.

औषधाचा खरा उपयोग होतो तो एका छोट्या गटाला. ज्यांना पीडोफिलिया, म्हणजे लहान मुलांचं लैंगिक आकर्षण, आहे किंवा तशीच दुसरी एखादी विकृती आहे, ज्यांच्या डोक्यात ते विचार दिवसभर घुमत राहतात आणि जे स्वतः त्याने पिचलेत. मुलांवर अत्याचार करणारे सगळेच पीडोफाइल असतात असंही नाही, बरेचसे नसतात, हाताशी सापडलं लहान मूल म्हणून केलेलं असतं. आणि उलट पीडोफिलिया असलेले काहीजण आयुष्यभर एकाही मुलाला हात लावत नाहीत. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांचं निदान करायच्या आमच्या पुस्तकात, म्हणूनच नुसतं आकर्षण आणि त्याचा विकार हे वेगळे केलेत. हे वेगळेपण कोणाला ऐकवत नाही, मलाही शिकताना पचायला वेळ लागला होता.

आता हक्कांकडे येतो. तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

हे जगात कोणी करून बघितलं नाही असं नाही. नाझी जर्मनीने १९३३ च्या नोव्हेंबरात कायदाच केला होता सक्तीने खच्चीकरणाचा. इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग, कम्प्युटरचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, १९५२ साली समलैंगिक संबंध हा 'गुन्हा' सिद्ध झाला म्हणून त्याला जेल किंवा हार्मोन असा चॉइस दिला, त्याने वर्षभर हार्मोन घेतले, १९५४ मध्ये तो गेला, आणि माफी मिळायला २०१३ उजाडलं. ट्युरिंग कुठे आणि बलात्कारी कुठे असं तुम्ही म्हणाल, बरोबर आहे. पण त्या वेळच्या कोर्टाच्या लेखी तो लैंगिक गुन्हेगारच होता ना? कोण लैंगिक गुन्हेगार हे त्या त्या वेळचं सरकार ठरवतं, सिरिंज मात्र डॉक्टरच्या हातात असते. आणि फार लांब कशाला जायचं, आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक नसबंदीच्या गाड्या आल्या की शेतात पळायचे. सरकारला माणसाच्या शरीरात हात घालायची एकदा सवय लागली की ती कुठे थांबेल हे सांगता येत नाही.

हल्लीचं सांगायचं तर कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये कायदा केला, दक्षिण कोरियात २०११ पासून आहे, पोलंडने २००९ मध्ये केला. पण कोरियाच्या घटनात्मक कोर्टाने २०१५ मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा काढला. कायदा मोडीत काढला नाही त्यांनी, पण म्हणाले की शिक्षा सुनावताना इंजेक्शनचा आदेश द्यायचा आणि माणूस कितीतरी वर्षांनी सुटताना ते टोचायचं, मधल्या काळात त्याला अजून गरज आहे का हे परत तपासायची सोयच कायद्यात नाही, हे चालणार नाही. डॉक्टर म्हणून मला हे एकदम पटतं. आज तपासलेल्या पेशंटला दहा वर्षांनी कोणतं औषध लागेल याची चिठ्ठी मी आज लिहीन का? इंडोनेशियाने २०१६ मध्ये आणलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने सरळ सांगितलं की हे काम आम्ही करणार नाही, आमच्या एथिक्समध्ये बसत नाही. पाकिस्तानने २०२० मध्ये अध्यादेशात आणलं आणि पुढच्याच वर्षी ते कलम काढून टाकलं. चेक रिपब्लिकमध्ये तर ऑपरेशन करायचे, कैद्याची लेखी संमती घेऊन, तरी युरोपच्या छळविरोधी समितीने २००९ मध्ये त्याला मानहानीकारक वागणूक म्हटलं, कारण ज्याला नाही म्हटलं तर जन्मभर आत सडायची भीती आहे त्याच्या हो ला किती किंमत द्यायची?

आपल्याकडे हा विषय आधीच येऊन गेलाय. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा यांची तीन जणांची समिती नेमली, त्यांनी २९ दिवसांत, २३ जानेवारी २०१३ ला अहवाल दिला. रासायनिक खच्चीकरणाची मागणी त्यांच्याकडे जोरात आली होती, त्यांनी ती नाकारली. एक तर संमतीशिवाय नागरिकाला धोकादायक साइड इफेक्ट असलेलं औषध देणं घटनेत बसत नाही, आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, बलात्काराची सामाजिक मुळं त्याने तशीच राहतात. पुढे २०१५ मध्ये मद्रास हायकोर्टाने मुलांवरच्या अत्याचारांसाठी परत हे सुचवलं होतं, तेव्हाही टीव्हीवर महिनाभर हेच. सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर सुनील बात्रा प्रकरणात १९७८ लाच सांगून झालंय की जेलच्या दारात मूलभूत हक्क काढून ठेवायचे नसतात. २०१० च्या सेल्वी निकालात संमतीशिवाय नार्को टेस्टसुद्धा नाही म्हटलं. जिथे खरं बोलायला लावायचं इंजेक्शन जबरदस्तीने देता येत नाही, तिथे हे कसं देणार? आणि मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७, ज्याच्या मसुद्यात आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या इंडियन लॉ सोसायटीच्या लोकांचा मोठा हात होता, त्याच्या कलम ९५ मध्ये मानसिक आजारावर उपचार म्हणून नसबंदी करायला सरळ बंदी आहे.

पण कायदा बाजूला ठेवा, मी तुम्हाला खोलीतलं सांगतो.

मी आत जातो तेव्हा मला मिळते एक खोली (कुठल्या जेलची ते सोडा), दार उघडं, शिपाई आतच खुर्ची टाकून बसलेला. त्याच्यासमोर कैद्याने मला सांगायचं की त्याच्या डोक्यात काय चालतं. कोण सांगेल? जेलमध्ये ३७६ वाल्याला (जुन्या आयपीसीतलं बलात्काराचं कलम) इतर कैदी मारतात, बराकीत ताट वेगळं, त्यामुळे हे लोक पहिल्या दिवसापासून ३०२ सांगतात. खून केला म्हटलं की इज्जत असते. मला एकाने चार महिने स्वतःची केस खुनाची म्हणून सांगितली होती, कागद बघितल्यावर कळलं. शेवटी मी अधीक्षकांना भेटून शिपायाला दाराबाहेर, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसवून घेतलं, त्याला सात महिने लागले. कैद्याच्या मानवी हक्काची लढाई म्हणजे प्रत्यक्षात एक खुर्ची आठ फूट मागे सरकवणं असतं.

त्यातून आपल्या जेलमधले बहुतेक जण कच्चे कैदी, खटला अजून चालूच. अशा माणसाने मला खरं सांगितलं आणि उद्या कोर्टाने मला साक्षीला बोलावलं तर? वकिलाला जसं अशिलाचं बोलणं झाकायचं संरक्षण आहे तसं डॉक्टरला आपल्या कायद्यात नाही. म्हणून पहिल्याच भेटीत मी सांगतो, बाबा रे, मी तुझा डॉक्टर आहे पण तुझा वकील नाही, केसबद्दल मला काही सांगू नको, झोप, दारू, राग, भीती याबद्दल बोल. म्हणजे मूळ गोष्ट सोडून आजूबाजूचं. गुन्ह्यावर खरं काम फक्त पक्क्या कैद्याबरोबर करता येतं आणि तोपर्यंत पाचसहा वर्षं गेलेली असतात, त्याने मनात स्वतःची एक गोष्ट पक्की करून टाकलेली असते ज्यात तीच कशी आली, तिनेच कसं हसून बघितलं वगैरे.

आणि उपचार म्हणजे रामबाण असं मी म्हणतच नाही. इंग्लंडच्या जेलमध्ये वर्षानुवर्षं मोठा ग्रुप थेरपीचा कार्यक्रम चालला, आम्ही त्याची उदाहरणं द्यायचो, आणि २०१७ मध्ये त्यांच्याच कायदा मंत्रालयाने हिशेब मांडला तर उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी परत लैंगिक गुन्हा केला आणि न घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी. म्हणजे थोडं का होईना वाईटच. त्यांनी तो बंद करून नवीन आणला. मला हे वाचून दोन दिवस सुधरलं नव्हतं. पण बघा, त्यांनी मोजलं म्हणून कळलं. आपल्याकडे फाशी, एन्काउंटर, इंजेक्शन, सगळ्याच्या घोषणा होतात, मोजत कोणीच नाही. त्या आकड्यांतली दुसरी गोष्टही बघा, दोन्ही बाजूंना नव्वद टक्के परत सापडले नाहीत. १९९८ च्या हॅन्सन आणि ब्युसिएर यांच्या मोठ्या अभ्यासात, २३ हजारांहून जास्त गुन्हेगार, चारपाच वर्षांत परत लैंगिक गुन्ह्यात सापडलेले १३.४ टक्के होते. सापडलेले म्हणतोय, न सापडलेले वेगळे, मान्य. तरीही 'हे सगळे परत तेच करणार' हे गृहीत चुकीचंच आहे. कोण करणार आणि कोण नाही याचा अंदाज लावायच्या पद्धती आहेत, आणि नियम असा की जास्त धोका त्याच्यावर जास्त मेहनत, कमी धोकावाल्याला उगाच वर्षभर ग्रुपमध्ये अट्टल लोकांबरोबर बसवला तर तो बिघडतो.

आता तुमच्या मुलींच्या दृष्टीने, कारण प्रश्न तिथूनच आलाय. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचे आकडे दरवर्षी एकच सांगतात, बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. आता घरातल्या एखाद्या पोरीने काकाचं नाव घेतलं आणि घरच्यांना माहिती आहे की तक्रार केली तर काकाला फासावर नाहीतर खच्ची करणार, तर घरातले काय करतील? आजी पोरीच्या पाया पडते हो, मी बघितलंय. "जाऊ दे बाळा, तो परत नाही करणार, मी बघते." शिक्षा जितकी भयंकर तितकं घरातलं तोंड घट्ट बंद. तुमच्या इंजेक्शनचा पहिला परिणाम त्या पोरीवर होईल.

याच्याही आधीची पायरी म्हणजे गुन्हा व्हायच्या आधी माणसाला पकडणं. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलने २००५ पासून हे चालू केलं, ज्यांना लहान मुलांचं आकर्षण वाटतं त्यांनी नाव न सांगता यावं, उपचार घ्यावेत, आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे की आकर्षण हा तुझा दोष नाही पण वागण्याची जबाबदारी तुझीच. आणि हे आपल्या पुण्यातही आलं बरं का, केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरने शारिटेबरोबरच असा प्रतिबंधाचा कार्यक्रम घेतला, किती पुणेकरांना माहिती आहे? फक्त आपल्याकडे अडचण वेगळी आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता दिसली तर पोलिसांना कळवणं मलाही सक्तीचं आहे, जर्मनीत तशी सक्ती नाही. मी कळवतो, कळवलंय, त्यात मला दोन मतं नाहीत, मूल आधी. पण ज्याने अजून काहीच केलेलं नाही तो दारापर्यंत येऊन मागे फिरतो, कारण आत काय बोललं की पोलीस येतील हे त्याला कळत नाही. म्हणून माझ्याकडे पहिल्या भेटीत रेघ आखून देतो, काय सांगितलंस तर मला कळवावं लागेल आणि काय सांगितलंस तर नाही. अर्धे तिथेच उठून जातात. उरलेल्या अर्ध्यांचं काम होतं.

शेवटी एका माणसाचं सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पूर्ण शिक्षा भोगून सुटला. सुटल्यावर दुसऱ्या आठवड्यात आला आणि म्हणाला, "डॉक्टर, पेपरात वाचलं ते इंजेक्शन मला मिळेल का?" मी चमकलो. म्हणाला आत असताना बरं होतं, बाहेर आल्यावर शाळेची व्हॅन दिसली तरी घाम फुटतो, मला परत ते नाही करायचं.

आणि ज्या औषधासाठी तुम्ही कायदा मागताय ते या माणसाला स्वतः मागून मिळेना. मी पहिल्यांदा साध्या डिप्रेशनच्या गोळीपासून सुरुवात केली, फ्लुओक्सेटिन, त्यानेही काहींचे विचार कमी होतात, पण याला पुरलं नाही. एका हार्मोनच्या डॉक्टरांनी कागद वाचून सांगितलं मी असल्या माणसाला हात लावणार नाही. दुसरे म्हणाले प्रोस्टेटशिवाय हे औषध लिहिलं तर उद्या मला कोण वाचवणार. केमिस्टने चिठ्ठी बघून मला फोन केला की चुकून लिहिलंय का. घरचे म्हणाले एवढे हजार रुपये कसले घालतोस, लग्न कर सगळं ठीक होईल (हा सल्ला देणाऱ्यांना मी हात जोडतो). साडेतीन महिने गेले. तोपर्यंत तो रोज रात्री मला एक मेसेज करायचा, फक्त 'आज ठीक', बाकी काही नाही. संमतीचा कागद आम्ही दोघांनी मराठीत लिहिला, त्यात हाडांचं लिहिलं, छातीचं लिहिलं, आणि कधीही बंद करायला सांगू शकतो हेही लिहिलं. ते वाक्य त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, खरंच बंद करता येईल? म्हटलं हो, तुझं शरीर आहे. मग सही केली.

तीन वर्षं होतील आता. डेक्सा स्कॅनमध्ये हाडं थोडी उतरलीत, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू केलंय, डोस कमी करायचं आमचं बोलणं चालूय. दर महिन्याला येतो, अपॉइंटमेंट मात्र अकराचीच मागतो, कारण बारानंतर आमच्या गल्लीतली शाळा सुटते.